न संपणारी धाव आणि चवथीचे १,३४० रुपये

प्रश्न : माझा मुलगा सातवीत शिकतो. गणेश चवथीच्या सुट्टीत तो माझ्या मोबाईलवर ‘एंडलेस रनर’ (न संपणाऱ्या धावेचा) प्रकारचा एक खेळ खेळत असे. खेळ फुकट असल्यामुळे मी फारसे लक्ष घातले नाही. महिनाअखेरीस बँकेचे विवरण पाहिले तेव्हा ८९ रुपयांचे सहा, १७९ रुपयांचे तीन आणि २६९ रुपयांचा एक असे दहा व्यवहार दिसले. एकूण १,३४० रुपये. सकाळी पाव विकणारा पोदेर येतो तेव्हा मी स्वयंपाकघरात गुंतलेली असते, म्हणून पावाचे पैसे देण्यासाठी यूपीआयचा पिन मीच त्याला सांगून ठेवला होता. विचारले तर तो म्हणतो, “मी काहीच विकत घेतले नाही, फक्त चाव्या घेतल्या.” हे पैसे परत मिळतील का? आणि खेळ काढूनच टाकावा का? — एक आई, फोंडा

उत्तर : आपल्या मुलाचे वाक्य मी दोनदा वाचले. तो आपल्याशी खोटे बोलत आहे असे मला वाटत नाही. परंतु त्याविषयी लिहिण्यापूर्वी पैशांचे पाहू.

प्ले स्टोअरवरून केलेल्या खरेदीचे पैसे परत मागण्याची सोपी वाट पहिल्या ४८ तासांपुरती असते. त्या मुदतीत प्ले स्टोअरच्या खरेदीच्या इतिहासात जाऊन परताव्याची विनंती करता येते आणि कारण म्हणून ‘घरातील मुलाकडून चुकून झालेली खरेदी’ असे स्पष्ट लिहिता येते. मुदत उलटून गेल्यावर खेळ तयार करणाऱ्या कंपनीलाच लिहावे लागते आणि परतावा देणे न देणे बहुतांशी तिच्या धोरणावर राहते. आपले व्यवहार महिनाभर जुने आहेत, त्यामुळे पैसे परत येतीलच असे मी सांगू शकत नाही. तरीही व्यवहार क्रमांकांसह एक नम्र पत्र अवश्य पाठवावे. मात्र बँकेकडे ‘हे व्यवहार कोणी परक्याने केले’ अशी तक्रार कृपया करू नये, आणि सायबर फसवणुकीसाठी असलेला १९३० हा क्रमांकही या कामाचा नाही. पिन आपण दिला होता, तो घरातच वापरला गेला. ही फसवणूक नव्हे.

आता चाव्यांकडे वळू. या प्रकारच्या खेळांत नाणी आणि चाव्या अशी दोन चलने असतात. काही खेळांत चावीच्या जागी हिरा किंवा रत्न असते, इतकाच फरक. नाणी धावता धावता वाटेवर भरपूर मिळतात. चाव्या क्वचित मिळतात आणि रुपयांत विकल्या जातात त्या याच. रुपये देऊन चाव्यांचा गठ्ठा घ्यायचा आणि मग चावी खर्च करायची, अशा दोन पायऱ्या असल्यामुळे चावी खर्च होताना रुपया डोळ्यांसमोर येतच नाही. मोठ्या माणसांनाही तो आठवत नाही, मग सातवीतल्या मुलाला दोष कसा द्यावा?

तो क्षण आपण एकदा मुलाच्या शेजारी बसून पाहावा. धावणारा पोरगा एखाद्या अडथळ्यावर आदळतो, पडदा थिजतो, मधोमध ‘मला वाचवा’ अशा अर्थाचे बटण उमटते आणि त्याच्याभोवतीची वेळेची रेघ झरझर आटत जाते. दोन-तीन सेकंदांत ठरवायचे असते. आतापर्यंतचे सगळे गुण पडद्यावर झळकत असतात आणि कालचा उच्चांक अगदी थोडा पुढे असतो. बाजारात एखाद्या दुकानदाराने असे बोटे मोजत ‘घेता की नाही’ म्हटले असते, तर आपण पिशवी उचलून पुढच्या दुकानात गेलो असतो.

शिवाय भाव वाढत जातो. या प्रकारातील सर्वांत परिचित खेळ म्हणजे डेन्मार्कमध्ये तयार झालेला आणि मे २०१२ मध्ये आलेला ‘सबवे सर्फर्स’. त्यात एकाच धावेत पहिल्यांदा जीवदान घ्यायला १ चावी लागते, दुसऱ्यांदा २, तिसऱ्यांदा ४, चौथ्यांदा ८, पाचव्यांदा १६. म्हणजे पाच वेळा उठून उभे राहायला एकूण ३१ चाव्या. दहा वेळा उठायचे म्हटले तर १,०२३. हा हिशेब मुलाकडून कागदावर करून घ्यावा. सातवीच्या गणितात तो बसतो आणि आपण चार शब्द रागाने बोलण्यापेक्षा तो अधिक पटतो. पहिले जीवदान स्वस्त असणे ही त्या रचनेची खरी मेख आहे, कारण एकदा चावी घातली की ‘आता इतके केलेच आहे तर’ हा विचार आपोआप येतो.

म्हणून माझा सल्ला एकच आहे आणि तो मुलाइतकाच मोठ्यांसाठीही आहे : आदळल्यावर काहीही विकत घ्यायचे नाही. खर्च करायचाच असेल तर खेळ बंद असताना, रविवारी सकाळी चहा घेताना वगैरे ठरवावा, रक्कम भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहावी आणि ती संपली की पुढचा महिना उजाडेपर्यंत विषय बंद. अशा शांत वेळी चाव्या घेण्याची इच्छा बहुधा होतच नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. मीही हे खेळ खेळतो, हे येथे कबूल करून टाकतो.

विकत न घेता चांगले खेळता येते, हेही मुलाला दाखवावे, नाहीतर आपला सल्ला म्हणजे नुसती मनाई ठरते. वर सांगितलेल्या खेळात ‘होव्हरबोर्ड’ नावाची फळी असते. ती ३०० नाण्यांना मिळते, पडद्यावर दोनदा टिचकी मारली की ३० सेकंद चालते आणि तेवढ्यात आदळलो तर फळी मोडते पण धाव चालू राहते. म्हणजे एका चावीचे काम ती करते, तेही फुकट मिळणाऱ्या नाण्यांत. नवशिके खेळाडू नाणी नव्या कपड्यांवर आणि नव्या पात्रांवर उधळतात. त्याऐवजी ती लोहचुंबक, उडते यंत्र यांसारख्या मदतीची मुदत वाढवण्यावर खर्च केली, तर पुढची प्रत्येक धाव अधिक नाणी देते. तिसरी गोष्ट गुणांची. त्या खेळात तीन-तीन कामगिऱ्यांचे संच पूर्ण केले की गुणांचा गुणक एकेकाने वाढत ३० पर्यंत जातो. गुणक ५ असलेल्या खेळाडूची लांब धाव आणि गुणक २५ असलेल्याची आखूड धाव यांत दुसराच वरचढ ठरतो. ज्याला उच्चांक हवा आहे त्याने चाव्या जाळण्यापेक्षा कामगिऱ्या पूर्ण कराव्यात.

मोबाईलच्या बाबतीत तीन कामे आजच करावीत. यूपीआयचा पिन बदलावा आणि पोदेराचे पैसे दाराजवळच्या डब्यात सुटे ठेवावेत. पावासाठी मुलाला बँकेची किल्ली देण्याची गरज नाही. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये खरेदीच्या पडताळणीचा पर्याय असतो, तो ‘प्रत्येक खरेदीला’ असा ठेवावा. ‘दर ३० मिनिटांनी’ असा ठेवल्यास एकदा पासवर्ड घातल्यावर अर्धा तास दार उघडेच राहते. आणि मोबाईलमध्ये कोणाकोणाच्या बोटांचे ठसे नोंदवलेले आहेत ते तपासावे. खरेदीला अंगठा लागतो म्हणून पालक निर्धास्त असतात आणि दुसरा नोंदवलेला अंगठा चिरंजीवांचा निघतो, असे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. मुलाचा वेगळा मोबाईल असेल तर गूगलचे ‘फॅमिली लिंक’ हे पालकांसाठीचे ॲप वापरून प्रत्येक खरेदीची मंजुरी आपल्या हाती ठेवता येते. आयफोनवर हेच काम ‘स्क्रीन टाइम’मध्ये ॲपमधील खरेदी बंद करून होते.

खेळ काढून टाकू नये. मुलाने चोरी केलेली नाही. त्याच्या हातात पिन होता आणि त्याला भाव कळत नव्हता.

प्रश्न : मी चोडणहून रायबंदरच्या फेरीबोटीने रोज पणजीला कामावर जातो. फेरीची वाट पाहताना आणि फेरीत असाच एक खेळ खेळतो. दर दोन धावांनंतर येणाऱ्या जाहिरातींचा कंटाळा आला आहे. एकदाच पैसे भरून जाहिराती काढणे शहाणपणाचे आहे का? तोच खेळ मासिक वर्गणीचाही आग्रह करतो. — एक नोकरदार, चोडण

उत्तर : एकदाच भरायचे असतील आणि खेळ आपल्याला खरोखर आवडत असेल, तर त्यात गैर काही नाही. हा व्यवहार सरळ आहे : किंमत ठाऊक, वस्तू ठाऊक आणि पुन्हा मागणी नाही. हे खेळ फुकट का झाले, हेही लक्षात घ्यावे. ‘टेंपल रन’ हा खेळ एका जोडप्याच्या छोट्याशा कंपनीने ऑगस्ट २०११ मध्ये आणला तेव्हा तो विकत होता. काही आठवड्यांतच तो फुकट करण्यात आला. तेव्हापासून या प्रकारात दारावर तिकीट नाही, आत गेल्यावर दुकाने आहेत. ज्यांनी खेळ घडवला त्यांना कोणीतरी पैसे द्यायला हवेत, आणि आपण खुशीने एकदा दिलेले पैसे मला खटकत नाहीत.

भरण्यापूर्वी एवढे पाहावे, की ‘जाहिराती काढा’ या शब्दांत नेमक्या कोणत्या जाहिराती येतात. पुष्कळदा आपोआप येणाऱ्या जाहिरातीच जातात आणि जीवदान किंवा दुप्पट नाणी मिळवण्यासाठी आपण स्वतः पाहायच्या जाहिराती तशाच राहतात. त्या पाहणे हा सौदा वाईट नसतो, कारण तेथे आपले पैसे जात नाहीत, अर्धे मिनिट जाते. फेरीत तर अर्ध्या मिनिटाला तसाही तोटा नाही. यातले अनेक खेळ इंटरनेट बंद ठेवूनही चालतात, आणि तसे खेळल्यास मध्येच येणाऱ्या जाहिराती बहुतेक थांबतात. काही दिवस तसे खेळून पाहावे आणि मगच पैशांचे ठरवावे.

मासिक वर्गणीबद्दल मी आपणास सावध करतो. खेळ मोबाईलमधून काढून टाकला म्हणजे वर्गणी थांबली, असा सर्वत्र समज आहे आणि तो चुकीचा आहे. वर्गणी प्ले स्टोअरमध्ये जाऊन वेगळी रद्द करावी लागते. रिझर्व्ह बँकेने जून २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंतच्या आवर्ती व्यवहारांना दर वेळी वेगळ्या पडताळणीतून सूट दिली आहे. एकदा मान्यता दिली की दरमहा पैसे जाताना पिन किंवा ओटीपी विचारला जात नाही. आधी सूचना येते, पण तेवढे संदेश कोण वाचतो? आपल्या यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ असा विभाग असतो. आज फेरीत बसल्यावर तो एकदा उघडावा. जुन्या, विसरलेल्या मान्यता तेथे सापडतात आणि तेथूनच रद्दही करता येतात. ज्यांना स्वतःच्या हातावर विश्वास नाही त्यांनी बँक खाते जोडूच नये. ठराविक रकमेचा प्ले स्टोअरचा कोड घ्यावा, तो संपला की खर्चच थांबतो.

प्रश्न : माझा नातू अशाच धावण्याच्या खेळात ‘गूढ पेटी’ उघडतो. आत काय निघेल ते आधी कळत नाही. मांडवी नदीवरील कॅसिनोत आणि यात फरक काय? सरकारने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले असे वाचले होते, मग हा कसा चालतो? — एक आजोबा, साखळी

उत्तर : ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो कायदा केला तो पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालतो. आपल्या नातवाच्या खेळात जिंकलेली नाणी रुपये होऊन परत येत नाहीत, म्हणून तो त्या बंदीत येत नाही. कॅसिनोतून माणूस क्वचित का होईना, पैसे घेऊन बाहेर पडतो. येथून कोणीच पडत नाही.

तरीही आपली शंका अनाठायी नाही. पैसे देऊन अज्ञात वस्तूची पेटी उघडण्याच्या प्रकाराला बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने २०१८ मध्ये तेथील जुगारविषयक कायद्याचा भंग ठरवले. ॲपल कंपनीने २०१७ च्या अखेरीपासून आणि गूगलने २०१९ पासून अशा पेट्यांतून कोणती वस्तू निघण्याची शक्यता किती, हे खरेदीपूर्वी दाखवणे खेळांना बंधनकारक केले आहे. नातवाला ते आकडे कोठे आहेत ते शोधायला सांगावे. धावताना वाटेत सापडलेली किंवा जमवलेल्या नाण्यांतून घेतलेली पेटी त्याने खुशाल उघडावी. चाव्या किंवा रुपये देऊन घ्यायची पेटी असेल तर आपण ‘नको’ म्हणावे, आणि कायद्याची वाट पाहू नये.

प्रश्न : मित्राने अशाच एका धावण्याच्या खेळाची ‘मॉड’, म्हणजे कोणीतरी फेरफार केलेली, आवृत्ती पाठवली आहे. तिच्यात अमर्याद नाणी आणि चाव्या आहेत. ती टाकली तर खर्चाचा प्रश्नच मिटतो ना? — महाविद्यालयीन विद्यार्थी, मडगाव

उत्तर : टाकू नये. अशी फाईल प्ले स्टोअरच्या बाहेरून येते, कोणी बदलली ते आपल्याला ठाऊक नसते आणि ती टाकण्यासाठी आपण मोबाईलचे संरक्षण स्वतःच्या हाताने उतरवतो. धावण्याच्या खेळाला आपले संदेश वाचण्याची किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’ची, म्हणजे आपला पडदा वाचण्याची आणि चालवण्याची, परवानगी कशाला हवी? ती मागितली गेली तर लक्ष्य आपला ओटीपी आहे असे समजावे. ज्या मोबाईलवर बँकेचे ॲप आहे, त्यावर तर हा प्रयोग मुळीच करू नये. आधीच टाकली असल्यास ती काढून टाकावी, प्ले स्टोअरमधील ‘प्ले प्रोटेक्ट’ या सुरक्षा तपासणीने मोबाईल तपासावा आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या मोबाईलवरून बदलावेत. आणि अमर्याद चाव्या हाती आल्यावर तो खेळ किती दिवस खेळावासा वाटला, ते मित्राला विचारून पाहावे.