डेंटलला ल, पण मस्क्युलरला र, असं का?

प्रश्न असा आहे की डेंटल, रीनल, स्पायनल ह्यांच्या शेवटी ल आणि मस्क्युलर, मॉलिक्युलर, सोलर ह्यांच्या शेवटी र, हे ठरवलं कोणी? आणि सुप्राक्लॅव्हिक्युलरसारखा अगडबंब शब्द तोडायचा कुठे?

खरं तर प्रत्यय एकच आहे हो. लॅटिनमधला -आलिस, 'त्यासंबंधीचा' अशा अर्थाचा, आपल्या -ईय सारखा. पण मूळ शब्दात आधीच ल असेल तर पुन्हा ल म्हणायला जीभ कुरकुरायची, मग त्याचा -आरिस व्हायचा. दाताच्या 'डेंट'मधे ल नाही, म्हणून डेंटल. सोल म्हणजे सूर्य, लूना म्हणजे चंद्र, स्टेला म्हणजे तारा, तिघांत ल, म्हणून सोलर, लूनर, स्टेलर. मग लॅटरलमधे ल असून शेवटी परत ल कसा? तर मधे र येऊन बसलाय, तिथे -आरिस लावला असता तर दोन र झाले असते, म्हणजे आगीतून फुफाट्यात. प्लुरलचंही तेच. लीगल मात्र सरळ नियम मोडून बसलाय, त्याला इलाज नाही.

ही काही रोमन लोकांचीच खोड नाही बरं का, संस्कृत लाङ्गलमधे दोन ल होते, आपल्या नांगरात एकही उरला नाही. पोर्तुगीजांकडून आलेला लिलाव आपण तसाच ठेवला, हिंदीने त्याचा नीलाम केला.

आता मेडिकलमधे इतके -क्युलर का, तर -कुलुस हा लॅटिनमधला 'छोटुसा' सांगणारा प्रत्यय आहे आणि त्यात ल आयताच मिळतो. मुस म्हणजे उंदीर (आपल्या मूषकाचा सख्खा भाऊ), मुस्कुलुस म्हणजे पिटुकला उंदीर, आणि तोच स्नायू! दंड फुगवल्यावर कातडीखाली त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडकी दिसली म्हणून आपण बेटकुळी काढतो. मला आपली बेटकुळीच जास्त पटते.

इंट्रामस्क्युलर म्हणजे इंट्रा (आत) + मुस्कुलुस + आरिस, सिलॅबल (एका दमात उच्चारायचा, एकच स्वर असलेला तुकडा) पाच: इन्-ट्रा-मस्-क्यु-लर. सुप्राक्लॅव्हिक्युलरमधे सुप्रा म्हणजे वर, क्लाव्हिस म्हणजे किल्ली, क्लाव्हिकुला म्हणजे छोटी किल्ली, हे गळ्याखालच्या आडव्या हाडाचं नाव, म्हणजे एकूण अर्थ 'त्या हाडाच्या वरचा'. सिलॅबल सहा: सु-प्रा-क्ल-व्हिक्-यु-लर. देवनागरीतली अक्षरं मोजू नका, जोडाक्षरांमुळे घोळ होतो, उच्चारातले स्वर मोजा.

आणि जोर कुठे द्यायचा ते ह्या -क्युलरवाल्यांत सोपं आहे, शेवटून तिसरा सिलॅबल धरायचा. इथे व्हिक् वर, इंट्रामस्क्युलरमधे मस् वर, आणि मॉलिक्युलरमधे, आपण सगळे पहिल्या मॉ वर आपटतो तरी, खरा जोर लेक् वर, म-लेक्-यु-लर.