वाचकांचे प्रश्न : देशात जंगल किती टक्के?

प्रश्न : मुलीच्या भूगोलाच्या प्रकल्पासाठी भारतातल्या जंगलाची टक्केवारी शोधली. एकीकडे २१.७६, दुसरीकडे २५.१७, जागतिक तक्त्यात २४च्या आसपास. कोणता आकडा लिहावा?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : तिन्ही बरोबर आहेत, पण प्रत्येकाचा हिशेब वेगळा आहे. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३च्या अहवालात वनाच्छादन ७,१५,३४३ चौ. किमी आहे. त्याला देशाच्या ३२,८७,४६९ चौ. किमी भौगोलिक क्षेत्राने भागले की २१.७६ टक्के येतात. एक हेक्टरहून लहान तुकडे आणि सुटी झाडे, म्हणजे वृक्षाच्छादन, १,१२,०१४ चौ. किमी आहे. ते मिळवले की २५.१७. या बेरजेला नुसते ‘जंगल’ म्हणणे चूक. १९८८च्या राष्ट्रीय वन धोरणातले एक तृतीयांशाचे उद्दिष्ट मात्र वन आणि वृक्ष दोन्ही धरून आहे. तिथे तुलना २५.१७शीच करावी.

जागतिक तक्ते छेदातून नद्या-तलावांचे पाणी वगळतात. भारताची अशी जमीन सुमारे २९.७३ लाख चौ. किमी. अंश तोच ठेवला तरी उत्तर २४.०६ टक्के येते. एकही झाड न वाढता!

खरी मेख व्याख्येत आहे. आपल्याकडे किमान एक हेक्टर जागेवर झाडांच्या छत्राची सावली १० टक्के पडली की ते वनाच्छादन. मालकी कोणाची, झाड कोणते, हे पाहत नाहीत. हेक्टरचे १० टक्के म्हणजे १,००० चौ. मीटर. आठ मीटर रुंद छत्राची वीस झाडे तेवढी सावली देतात. दहा-दहा मीटरवर लावलेल्या हापूसच्या बागेत हेक्टरी शंभर कलमे बसतात. छत्रे तेवढीच वाढली तर घनता ५० टक्के, म्हणजे बाग ‘मध्यम घनदाट’ गटात. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येत फळबागा बसत नाहीत, पण तोडलेले आणि पुन्हा वाढू दिले जाणारे जंगल मात्र जंगलच राहते. म्हणून टक्केवारी स्थिर दिसली तरी जुने जंगल शाबूत आहे असे समजू नये. प्रकल्पात ७० टक्क्यांवरच्या ‘अतिघनदाट’ गटाचा आकडा वेगळा द्यावा. आमच्या मते तोच सर्वांत बोलका.

प्रश्न : सोसायटीतली झाडे आणि खाडीतली तिवरे यात येतात का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : तिवरे येतात, सलग हेक्टरभर असतील तर वनाच्छादनात. सोसायटीतली झाडे वृक्षाच्छादनात, आणि तीही नमुना पाहणीवरून काढलेल्या अंदाजाने. एकेक झाड मोजत नाहीत.