घरचा पोरगा परत आलाय, टाळी वाजवायची का?

प्रश्न : काका, मी पाच वर्षांची असताना बाबा मला पहिल्यांदा फुटबॉल बघायला स्टेडियममध्ये घेऊन गेले. तेव्हा आमच्याच शहरात वाढलेला एक फॉरवर्ड आमच्या क्लबकडून खेळायचा. बाबांचा अतिशय लाडका. विसाव्या वर्षी तो थेट आमच्या कट्टर वैऱ्यांकडे गेला. बाबांनी त्याच्या नावाची जर्सी घडी करून माळ्यावर टाकली आणि पुन्हा त्याचं नाव घेतलं नाही. आता तेहतिसाव्या वर्षी तो परत आलाय. बाबा म्हणतात, तो मैदानात उतरला की मी पाठ फिरवून उभा राहणार. मला मनातून आनंद झालाय आणि त्या आनंदाची लाजही वाटतेय. आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी आहेत. मी काय करू?

उत्तर : टाळी वाजव. मोकळेपणाने वाजव. बाबांना पाठ फिरवायची असेल तर फिरवू दे, त्यांच्याशी वाद घालू नकोस. पण एक गोष्ट तुझ्या लक्षात आली का? जर्सी त्यांनी कचऱ्यात टाकली नाही. घडी करून ठेवली. ज्याच्याशी आपलं काही उरलं नाही त्याची वस्तू माणूस तेरा वर्षं सांभाळत नाही.

मी हे अधिकाराने सांगतोय, कारण एकदा मी तुझ्या बाबांच्या जागी होतो. आमचाही एक पोरगा असाच गेला आणि सात वर्षांनी परतला. पहिल्याच सामन्यात तो आमच्या कोपऱ्यात कॉर्नर घ्यायला आला, माझ्यापासून सहा पावलांवर. आम्ही दहा-बाराजण त्याच्या नावाने शिमगा करत होतो. त्याने चेंडू ठेवला, उचलला, शर्टाला पुसला, पुन्हा ठेवला. मग सहकाऱ्यांना खूण करायला हात वर केला. त्याची बोटं थरथरत होती, मला स्पष्ट दिसली. कॉर्नर पहिल्याच बचावपटूच्या डोक्यावर गेला आणि आम्ही जल्लोष केला. दोन-तीन सेकंदांनी माझ्या शेजारचे आजोबा हळूच म्हणाले, ‘अरे, कॉर्नर आपला होता ना?’ सामना ०-० सुटला. त्या दिवसापासून आपली जर्सी घातलेल्या कुणाचीही मी हुर्यो उडवलेली नाही. तो विरोधी संघातून येतो तेव्हा खुशाल ओरडावं, तो खेळाचाच भाग आहे. पण आपल्या रंगात उतरलेल्यावर ओरडलं की नुकसान आपलंच होतं.

बाबांचा राग खोटा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. बाहेरून आणलेला स्ट्रायकर दोन हंगामांनी गेला तर कुणी जेवण सोडत नाही. घरच्या पोराचं वेगळं असतं. वेन रूनीचंच बघ. इंग्लंडच्या लिव्हरपूल शहरातल्या क्रॉक्सटेथ वस्तीचा, घरादारासकट एव्हर्टन या तिथल्या निळ्या जर्सीच्या क्लबचा. ऑक्टोबर २००२ मध्ये, सतरावा वाढदिवस पाच दिवसांवर असताना त्याने आर्सेनलविरुद्ध शेवटच्या मिनिटाला गोल केला आणि त्यांची लीगमधली ३० सामन्यांची अपराजित घोडदौड थांबवली. ‘एकदा निळा तो कायमचा निळा’ असं लिहिलेला बनियन त्याने त्याआधीच, युवा संघाच्या अंतिम सामन्यात, जर्सी वर करून दाखवला होता. आणि २००४ मध्ये, अठराव्या वर्षी, तो मँचेस्टर युनायटेडला गेला. लोकांना ट्रान्सफरपेक्षा तो बनियन जास्त लागला. शब्द देऊन गेला, हे दुखणं होतं.

तरी जुलै २०१७ मध्ये तो परत आला तेव्हा एव्हर्टनवाल्यांनी त्याला घेतलंच. पुढच्याच महिन्यात लीगच्या पहिल्या सामन्यात स्टोकविरुद्ध त्याने हेडरने एकमेव गोल केला आणि एव्हर्टनचं मैदान गुडिसन पार्क दणाणून गेलं. तेरा वर्षं. तुझ्या बाबांची जर्सीही तेवढीच वर्षं माळ्यावर आहे.

आता राग धरायचाच तर तो कुणावर, हेही बघायला हवं. सांती काझोर्ला स्पेनमधल्या ओव्हिएदो क्लबच्या अकादमीत वाढला. २००३ मध्ये क्लब कर्जात बुडाला, खेळाडूंचे पगार थकले आणि शिक्षा म्हणून संघ थेट चौथ्या श्रेणीत ढकलला गेला. अठरा वर्षांचा पोरगा व्हियारेआल या दुसऱ्या क्लबला गेला. त्याने काय करायला हवं होतं? घर ज्यांनी पेटवलं त्यांना कुणी गद्दार म्हणत नाही, खिडकीतून उडी मारणाऱ्याला म्हणतात. हाच काझोर्ला मधे गंभीर दुखापतीतून उठून २०२३ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, ओव्हिएदोला परतला. नियमाने द्यावाच लागतो तेवढा किमान पगार घेऊन. जून २०२५ मध्ये मिरांदेसविरुद्धच्या प्ले-ऑफच्या, म्हणजे वरच्या श्रेणीत कोण जाणार हे ठरवणाऱ्या, अंतिम सामन्यात त्याने पेनल्टी मारली आणि २४ वर्षांनी ओव्हिएदो पहिल्या श्रेणीत पोचलं. तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता.

बाबांना एवढंच विचारून बघ: आपल्या पोराला विकायचं कुणी ठरवलं होतं? पैसे आले का, आणि ते गेले कुठे? पुष्कळदा पोरगा वीस वर्षांचा असतो, एजंट घाई करत असतो आणि क्लबच्या तिजोरीत खडखडाट असतो. शिव्या खायला मात्र पोरगा एकटा पुढे उरतो.

जाण्याची वेळ आणि रीत मात्र मीही बघतो. एप्रिल २०१३ मध्ये मारिओ ग्योट्झे जर्मनीतला डॉर्टमुंड क्लब सोडून प्रतिस्पर्धी बायर्नला चालल्याची बातमी फुटली, ती रेआल माद्रिदविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी. डॉर्टमुंडने तो सामना ४-१ जिंकला, पण नऊ-दहा वर्षांचा असल्यापासून त्या क्लबमध्ये वाढलेल्या पोराबद्दल ही गोष्ट अशा वेळी कानावर पडणं, हे मी चाहता असतो तर मलाही पचलं नसतं. २०१६ मध्ये तो परतला तेव्हा सगळे हात टाळीसाठी उठले नाहीत, आणि मी त्या लोकांना दोष देत नाही. न वाजवलेली टाळी आणि हुर्यो यांत फार अंतर आहे. बाबांची पाठ मला चालेल. शिवी नको.

शेवटचं, तुझ्या लाजेबद्दल. आंखेल दी मारिया २००७ मध्ये अर्जेंटिनातलं आपलं रोसारिओ शहर सोडून पोर्तुगालच्या बेन्फिका क्लबला गेला. २०२४ मध्ये तो घरी परतणार होता, पण त्याच्या कुटुंबाला धमक्या आल्या आणि बेत बारगळला. विश्वचषक जिंकलेला माणूस, कुठेही आरामात खेळू शकला असता. तो पुढच्या वर्षी आलाच, रोसारिओ सेंट्रल या आपल्या जुन्या क्लबमध्ये. ऑगस्टमध्ये त्याच शहरातल्या न्यूएल्सविरुद्धच्या डर्बीत त्याच्या फ्री-किकवर सेंट्रल १-० जिंकलं. घर कुणाला असं बोलावत असेल, तर त्याचा आनंद होणारच गं. लाज कसली त्यात?

प्रश्न : आमचाही एक खेळाडू असाच परतलाय. तो वैऱ्यांकडून आमच्याविरुद्ध गोल करून आमच्यासमोरच त्यांच्या बिल्ल्याचं चुंबन घेत होता. हे विसरायचं?

उत्तर : विसरू नका. मीही विसरत नाही. रूनीनेसुद्धा २००८ मध्ये गुडिसनवरच युनायटेडच्या बिल्ल्याचं चुंबन घेतलं होतं. स्टेडियमभर शिव्या ऐकत खेळणारा तेवीस वर्षांचा पोरगा असं करतो, ते मला कळतं, पण आवडलं नाही. उलट बाटिस्टुटा बघा. नोव्हेंबर २००० मध्ये रोमाकडून फिओरेन्टिनाविरुद्ध त्याने जिंकून देणारा गोल केला आणि सहकारी अंगावर धावून आले तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. फिओरेन्टिनाशी नऊ वर्षांचं नातं होतं ते.

पण तुमच्या माणसाने तुमच्यासमोर येऊन चूक मान्य केली का? केली असेल तर हात पुढे करा. नसेल केली, तर त्याला बोलायला थोडा वेळ द्या. पहिल्याच पत्रकार परिषदेत ‘माझं मन कायम इथेच होतं’ म्हणणाऱ्यावर माझा लगेच विश्वास बसत नाही. मी पाहतो तो चेंडू गमावल्यावर मागे धावतो का. तिशी ओलांडलेल्या फॉरवर्डचं मन तिथे दिसतं.

प्रश्न : आमच्या क्लबने परतलेल्या खेळाडूला त्याचा जुना नंबर आणि कर्णधारपद दोन्ही देऊ केलंय. सध्याचा कर्णधार सहा वर्षं इथेच आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. साफ चूक आहे. जो थांबला, ज्याने पडझडीचे हंगाम काढले, त्याच्या दंडावरची कर्णधारपदाची पट्टी काढून कुणाचंही स्वागत करू नये. जानेवारी २०१५ मध्ये फर्नांदो टोरेस अॅटलेटिको माद्रिदला परतला. एकोणिसाव्या वर्षी या क्लबचा कर्णधार झालेला खेळाडू, २००७ मध्ये गेलेला. नुसतं त्याला बघायला ४५ हजार लोक क्लबच्या विसेंते काल्देरोन मैदानात जमले. पण ९ नंबर तेव्हा मान्जुकिचकडे होता, तर टोरेसने १९ घेतला. पट्टी तेव्हाचा कर्णधार गाबीच्या दंडावरच राहिली. २०१८ मध्ये लिऑनला युरोपा लीगचा अंतिम सामना ३-० जिंकल्यावर कर्णधार गाबीने ट्रॉफी एकट्याने उचलली नाही. त्याने टोरेसला शेजारी घेतलं आणि दोघांनी मिळून ती वर केली.