घरची गाडी आणि मागं चौदा फुटी होडी: कोणती घ्यावी?

तुम्ही विचारलंय की घरात सहा माणसं, वडिलांचे गुडघे दुखतात, अंबाजोगाईच्या बाजूला दोन तलाव ठेक्यानं घेतलेत आणि चौदा फुटी फायबरची होडी एका तलावावरून दुसऱ्यावर न्यावी लागते. गाडी एकच परवडते. लग्नकार्याला, दवाखान्याला तीच आणि होडी ओढायलाही तीच. तर कोणती घ्यावी?

आधी सरळ उत्तर देतो. चासीवर (म्हणजे खालच्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर) बांधलेली, मागची चाकं ओढणारी, डिझेल गाडी घ्या, आणि तिच्या तिसऱ्या सीटचं तोंड समोर असू द्या. आजच्या नव्या गाड्यांत मी डिझेल स्कॉर्पिओ एन बघीन. तेवढं बजेट नसेल तर चांगली जपलेली सेकंड हँड इनोव्हा क्रिस्टा. पण गाडीचं नाव ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं भोयांचं घर, माजलगाव तालुक्यातलं. वडिलांनी ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी टाकली, नंतर थर्माकोलच्या तराफ्यावर. फायबरची होडी आमच्या हातात आली तेव्हा एक तलाव धारूर घाटाच्या खाली होता आणि एक वर. होडी एक, तलाव दोन. दर वेळी छोटा हत्ती भाड्यानं आणायचा, चार माणसं लावून होडी चढवायची, उतरवायची. मग एका फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन चाकांचा ट्रेलर करून घेतला आणि घरात होती ती सात सीटर पेट्रोल गाडी पुढं जोडली. तिची पुढची चाकं ओढायची.

रस्त्यावर तिनं काही त्रास दिला नाही, म्हणून आम्हाला वाटलं जमलं. मे महिन्यात कळलं. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडं तलावाला होडी उतरवायचा पक्का उतार नसतो. ऑक्टोबरात पाणी मुरमापर्यंत असतं, गाडी अगदी कडेला जाते. मे येईपर्यंत तेच पाणी शंभर-दीडशे पावलं आत सरकतं आणि मधी राहतो तो काळा गाळ. वरून भेगाळलेला, पाय ठेवला तर टणक लागतो, पण वितभर खाली लोण्यासारखा मऊ. त्या दिवशी होडीत कटला-रोहूचे सात क्रेट होते, बर्फ टाकलेला. होडी ट्रेलरवर चढली, मी पहिला टाकला आणि क्लच सोडला. पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मी अजून रेस दिली. चाकं एक वीत खाली बसली आणि बोनेटखालून क्लच जळाल्याचा तो कडवट वास आला. मागं बायको आणि दोन्ही लेकरं बसलेली होती, त्यांना खाली उतरवलं. शेजारी गाळपेऱ्यात काकडी लावलेल्या एका मामांनी ट्रॅक्टर आणला, दोर बांधला आणि दोन मिनिटांत गाडी, ट्रेलर, होडी सगळं एका दमात वर काढलं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळं बदलावं लागलं. मासळी व्यापाऱ्याकडं पोचली तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं.

तेव्हापासून मी गाडी बघताना पाण्याच्या काठचे शेवटचे चाळीस फूट डोळ्यांपुढं ठेवतो. हायवेवर चारशे-पाचशे किलो कोणतीही बरी गाडी ओढते. चढावर ओलं, मऊ असलं की खरी परीक्षा होते. चढावर गाडीचं वजन मागं कलतं आणि ट्रेलरचा हूक मागचा भाग खाली दाबतो. पुढची चाकं ओढणारी असली की नेमकी तीच हलकी होतात. मागची चाकं ओढणारी असली तर हेच दोन्ही भार कामाला येतात. म्हणून चांगल्या सात सीटर असूनही पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्या या कामाला मी घेणार नाही.

फोर बाय फोरबद्दल, म्हणजे चारही चाकं ओढणाऱ्या गाडीबद्दल, तुम्ही विचारलंच असतं, म्हणून हिशोब मांडतो. गाडी साधारण दोन टन, होडीसकट ट्रेलर अर्धा टन, मिळून अडीच टन. सहा फुटांना एक फूट असा चढ धरला तर नुसतं वर जायला चारशे किलोपेक्षा जास्त ओढ लागते. ओल्या गाळावर चाकाला त्याच्यावरच्या वजनाच्या पाव हिश्श्याएवढी पकड मिळाली तरी पुष्कळ. मागच्या चाकांवर हजार-अकराशे किलो असतील तर पकड मिळते अडीचशे-पावणेतीनशेची. म्हणजे चाक फिरणारच. चारही चाकं ओढली तर पाचशेच्या आसपास, म्हणजे कसंबसं. त्यासाठी लाखाच्या वर जास्तीचे मोजण्यापेक्षा कडक जमिनीपासून पाण्यापर्यंत पुरेल एवढा जाड दोर घ्या. गाडी मुरमावर, कडक जमिनीवर उभी ठेवा, ट्रेलर दोरानं पाण्यापर्यंत सोडा आणि दोरानंच वर ओढा. दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, आणि मधोमध एक ओलं पोतं टाकून ठेवायचं, म्हणजे तुटला तरी त्याची उसळी कमी होते. लेकरं तर त्या वेळी लांबच ठेवा. गाळ फारच असेल तर ट्रॅक्टरवाल्याला फोन करा, गाडीला गाळात नेऊच नका.

आता गाड्या. बोलेरो आपल्या भागात गावोगाव आहे, चासी मजबूत, मागं पाटे, १.५ लिटर डिझेल, ७५ पीएस ताकद आणि २१० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर. होडीला पुरते. पण तिची मागची सीट आडवी, समोरासमोर बसायची. लेकरांना तिथं बसवून घाट उतरायला माझं मन धजत नाही. बोलेरो निओत ताकद जास्त, १०० पीएस आणि २६० न्यूटन मीटर, पण मागची सीट तशीच आडवी. तुमच्याकडं सहा माणसं रोजची आहेत, म्हणून मी या दोन्ही बाजूला ठेवतो. घरात चारच माणसं असती तर बोलेरो घ्या म्हणालो असतो.

स्कॉर्पिओ एनचं जास्त ताकदीचं डिझेल इंजिन मॅन्युअलला ३७० आणि ऑटोमॅटिकला ४०० न्यूटन मीटर टॉर्क देतं. तिसरी सीट समोर तोंड असलेली. वडिलांना चढायला उंच पडेल, त्यासाठी पायरी बसवून घ्या. क्रिस्टाचं २.४ लिटर डिझेल मॅन्युअल ३४३ न्यूटन मीटरचं. तिच्यात म्हाताऱ्या माणसाला बसायला-उतरायला फार बरं, वडिलांचे गुडघे बघता हा मुद्दा लहान नाही. तिचं पोट मात्र जरा खाली, गाळातल्या चाकोरीत घासतं. जमलं तर ऑटोमॅटिक घ्या. चढावर इंच इंच सरकताना मॅन्युअलचा क्लच जळतो तसं तिथं होत नाही. आणि टॉर्कचा आकडा बघताना तो किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर मिळतो तेही विचारा. होडी वर काढताना इंजिन मंद गतीवर असतं, त्यामुळं दीड-दोन हजार आरपीएमच्या आसपासच ताकद हवी.

गाडी बुक करायच्या आधी तिच्यासोबत येणारं कंपनीचं माहितीपुस्तक मागून वाचा. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांच्या पुस्तकात ट्रेलर ओढण्याची मर्यादा दिलेलीच नसते, काहींत ओढू नका असं लिहिलेलं असतं. शोरूममधला पोरगा "काही होत नाही" म्हणेल, पण वॉरंटीचा प्रश्न आला की तो तिथं नसतो. उत्तर लेखी घ्या. ट्रेलरचीही नोंदणी लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरसुद्धा मोटार वाहनातच धरलाय. फॅब्रिकेशनवाले "याला कशाला पासिंग" म्हणतात, त्यांचं ऐकू नका. अपघात झाला तर विमावाले पहिला कागद तोच मागतात.

हूक बंपरला वेल्डिंग करून देणारे भेटतील. त्यांना नाही म्हणा. तो चासीला बोल्टानं कसलेला पाहिजे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखी ढिली पिनही नको, ती धक्का मारते. पन्नास मिलिमीटरचा गोळा आणि त्यावर घट्ट बसणारी वाटी घ्या. खालून दोन साखळ्या एकमेकींना फुलीसारख्या छेदून लावा, म्हणजे वाटी सुटली तरी ट्रेलरची पुढची दांडी रस्त्यावर आपटायच्या ऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडते. मागचे दिवे, ब्रेकलाइट, इंडिकेटर ट्रेलरवर लागलेच पाहिजेत. उसाच्या हंगामात अंधारात बिनदिव्याच्या ट्रॉल्यांनी काय होतं ते तुम्हीही बघितलंय.

वजनाचा अंदाज डोळ्यानं घेऊ नका. जाळी, इंजिन, पेट्रोलची टाकी, रिकामे क्रेट सगळं भरून ट्रेलर जिनिंगच्या नाहीतर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर न्या. मला आमचा साडेतीनशेचा वाटायचा, काट्यावर ४६० भरला. जाळी ओली असली की अजून वाढतं. दुसरं वजन घरीच करता येतं. ट्रेलर सपाट जागी उभा करा, चाकांना दगड लावा, दांडीचं टोक गाडीच्या हुकाच्या उंचीला येईल असं दोन-तीन विटांवर घेऊन खाली घरातला वजनकाटा ठेवा. एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास आकडा यावा. आमचा पहिल्यांदा अठरा किलो आला होता, कारण इंजिन मागं लटकलेलं आणि टाकीही मागंच. म्हणूनच साठच्या वर गेलं की ट्रेलर शेपटी हलवायचा. टाकी आणि क्रेट पुढं घेतले, चाकांचा आस थोडा मागं सरकवला, आकडा ४५ झाला आणि तो हेलकावा थांबला. तुमच्याही ट्रेलरला हेलकावा आला तर ब्रेक दाबू नका, स्टेअरिंग सरळ धरून रेस सोडा.

धारूरचा घाट उतरताना हे सगळं मला लागतं. वळणं अरुंद, समोरून उसाची ट्रॉली. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसेल तर ते अर्धा टन गाडीलाच थांबवायचं असतं. वेग साठावरून ऐंशीवर गेला की तेवढ्याच अंतरात थांबवायला लागणारा जोर पावणेदोनपट होतो. म्हणून घाटाच्या तोंडाशीच दुसरा-तिसरा गिअर टाकतो आणि तोच शेवटपर्यंत ठेवतो, ब्रेक तापू देत नाही. पाचशेच्या पुढं वजन जाणार असेल तर ट्रेलरला ब्रेक बसवूनच घ्या.

तलावावर पोचल्या पोचल्या ट्रेलर पाण्यात घालू नका. चाकाचे हब तापलेले असतात, गार पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि बेअरिंगमध्ये पाणी ओढलं जातं. पंधरा-वीस मिनिटं थांबा, तोवर जाळी मोकळी करा. बेअरिंगला दर महिन्याला नवं ग्रीस. आमचं एक बेअरिंग केजजवळ बसलं, तेव्हा रात्रभर होडीत झोपून राखण करावी लागली.

ट्रेलर जोडलेली गाडी मागं घ्यायला तुमच्या भागातल्या कुठल्याही ट्रॉलीवाल्याकडून शिका. आठवड्याच्या बाजारचा दिवस सोडून मोंढ्याचं मोकळं मैदान मिळालं की दोन रविवारात हात बसतो. तुमचा तलाव कुठल्या खात्याचा आहे त्यावर होडीची परवानगी ठरते, ती असेलच. पण कधी नाथसागरावर (जायकवाडी धरणाच्या पाण्यावर) होडी न्यायचं मनात आलं तर आधी वनखात्याला विचारा, तो परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे.

काट्याची पावती, दांडीचं वजन आणि तुमच्या तलावाच्या काठचा मे महिन्यातला एखादा फोटो असला तर खाली टाका. वजन साडेसहाशेच्या आत असेल तर क्रिस्टावर भागेल की नाही ते बघून सांगतो.