ती फजर पुन्हा का येत नाही?

आपा, अस्सलामु अलैकुम. मी ३६ वर्षांची, चिपळूणजवळच्या गावात राहते. मिस्टर कुवेतला असतात. घरात दोन मुलं आणि अर्धांगवायूमुळे दोन वर्षं खाटेवर असलेल्या सासूबाई. गेल्या रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत एकदा सेहरीच्या आधी तहज्जुदला, म्हणजे रात्रीच्या ऐच्छिक नमाजीला, उठले होते. सजद्यात, कपाळ जमिनीला टेकलेलं असताना, एकाएकी वाटलं, मला कुणीतरी बघतंय. अगदी मायेनं. भीती वाटली नाही, काही मागावंसंही वाटेना. किती वेळ गेला कळलंच नाही. फजरची, म्हणजे पहाटेच्या नमाजीची, अजान झाली तेव्हा मुसल्ला, नमाजीची चटई, डोळ्यांच्या पाण्यानं ओला होता. त्यानंतर तसं कधीच झालं नाही. आता नमाजीला उभी राहिले की डोक्यात गॅसचा नंबर, मुलांची फी, सासूबाईंची औषधं. मन भटकलं की नमाज पुन्हा पढते, कधी तीन-तीनदा. मध्येच सासूबाईंनी हाक मारली की चिडते आणि मग रडत बसते. नणंदेनं मोबाइलवर ध्यानाचं अ‍ॅप टाकून दिलंय, श्वासाकडे लक्ष द्या म्हणतं. ते करताना बरं वाटतं, आणि गुन्हा केल्यासारखंही वाटतं. तेव्हा झालं ते खरं होतं की भास? माझं ईमान कमी झालंय का? मी मुनाफिक, वरवर श्रद्धा दाखवणारी ढोंगी, तर नाही ना?
– एक बहीण

व अलैकुमुस्सलाम, बेटा.

तुझ्या पत्रातला शेवटचा शब्द मी आधी घेते, कारण रात्री तोच तुला झोपू देत नसणार. स्वतःला मुनाफिक म्हणणारी तू पहिली नाहीस. हंजला नावाचे एक सहाबी, पैगंबरांचे सोबती, होते, पैगंबर (स.) यांच्याकडे लेखनिकाचं काम करायचे. एकदा हजरत अबू बक्र (र.) यांनी त्यांना विचारलं, कसे आहात? ते म्हणाले, हंजला मुनाफिक झाला. का? तर पैगंबरांजवळ बसलो की जन्नत आणि जहन्नम जणू डोळ्यांपुढे दिसतात, आणि घरी गेलो की बायको, मुलं, जमीनजुमला यांत पडून बरंचसं विसरून जातो. अबू बक्र म्हणाले, अल्लाहची शपथ, माझंही असंच होतं. मग दोघं मिळून पैगंबरांकडे गेले. त्यांनी जे सांगितलं ते सहीह मुस्लिम या हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, संग्रहात आहे. माझ्याजवळ असताना तुमची जी हालत असते ती कायम राहिली असती, तर फरिश्त्यांनी तुमच्या बिछान्यावर आणि रस्त्यात येऊन तुमच्याशी हात मिळवले असते. पण हंजला, एक घडी अशी आणि एक घडी तशी. हे त्यांनी तीनदा म्हटलं.

‘माझंही असंच होतं’ हे कोण म्हणतंय ते बघ. साक्षात अबू बक्र. मग गॅसचा नंबर आठवला म्हणून तू स्वतःला कोणती सजा देते आहेस?

आता त्या पहाटेबद्दल. मी काही आलिमा, धर्माची जाणकार, नाही, तुझ्या सजद्यात काय घडलं यावर मोहर उठवायचा मला हक्क नाही. पण तू लिहिलंस, ‘मला कुणीतरी बघतंय असं वाटलं’, आणि ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. फरिश्ते हजरत जिब्रील माणसाच्या रूपात आले आणि त्यांनी विचारलं, एहसान म्हणजे काय, इबादत उत्तम कशी करायची, तेव्हा पैगंबरांनी दोन वाक्यांत उत्तर दिलं. अल्लाहची इबादत अशी कर की जणू तू त्याला बघतो आहेस. आणि तू त्याला बघत नसलास, तरी तो तुला बघतोच आहे. पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. तुला त्या पहाटे कळलं ते दुसरं. त्या दुसऱ्या वाक्यात आपल्याला काय वाटतं याचा उल्लेखसुद्धा नाही. तू रडत असलीस, पेंगत असलीस, फीचा हिशेब करत असलीस, तरी तो बघतोच आहे. त्या दिवशी तुला ते जाणवलं आणि आज जाणवत नाही, इतकाच फरक पडलाय. बघणारा कुठे गेलेला नाही.

म्हणून ती पहाट परत आणायचा प्रयत्न सोड. तू नमाजीला उभी राहतेस ती आज ते होतंय का हे तपासायला. अशानं नमाज बाजूला राहते आणि माणूस आपल्याच मनाच्या दारात ताटकळत बसतो. ती देणगी होती. ज्यानं दिली त्याचे शुक्र मान आणि मागत राहा, पण ती वसूल करायला जाऊ नकोस.

नमाज तीन-तीनदा पढणं आजपासून बंद कर. हे मी जरा कडक आवाजात सांगतेय असं समज. मन भटकलं म्हणून नमाज तुटत नाही. हवं तर जवळच्या मौलानांना विचारून खात्री कर. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हदीस आहे की शैतान नमाजीच्या मनात येऊन हे आठव, ते आठव करत राहतो, इतकं की किती रकात, नमाजीची आवर्तनं, झाल्या तेही कळेनासं होतं. तसं झालं तर करायचं काय? शेवटी भुलीचे दोन सजदे. मन जाणारच हे धरून इलाज आधीच सांगून ठेवलाय. आणि बेटा, हे पुन्हा पुन्हा करणं थांबवता येत नसेल, वुजूही, नमाजीआधीचं हातपाय धुणंही, पुन्हा पुन्हा करावंसं वाटत असेल, छातीत धडधडत असेल, तर मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखव. तोही एक आजार असतो, त्याला औषध आहे. ईमान कमी असल्याची ती खूण नाही.

मग करायचं काय? मला जे उपयोगी पडलं ते सांगते. मी चाळीस वर्षं नमाजीत सूरह फातिहा, कुरआनची पहिली सूरह, पढत होते, पोस्टमननं पत्र टाकून निघून जावं तशी. मग एक हदीस वाचनात आली. अल्लाह म्हणतो, ही नमाज मी माझ्यात आणि माझ्या बंद्यात अर्धी-अर्धी वाटली आहे. बंदा ‘अल्हम्दु लिल्लाहि रब्बिल आलमीन’ म्हणतो तेव्हा अल्लाह म्हणतो, माझ्या बंद्यानं माझी स्तुती केली. पुढच्या आयतीलाही उत्तर, त्याच्या पुढच्या आयतीलाही. आणि मी काय करत होते? दारावर थाप मारायची आणि आतून ‘ओ’ यायच्या आधीच पळायचं. तेव्हापासून एकेका आयतीनंतर एक श्वास थांबते. फक्त एक. ‘इय्याक नअ्बुदु व इय्याक नस्तईन’, तुझीच इबादत करतो, तुझ्याकडेच मदत मागतो, इथे कधी कधी आवाज लागतो. कधी नाही लागत. तूही पाचातल्या एकाच नमाजीत हे कर, फजरला कर. थोडं असलं तरी नेमानं केलेलं अल्लाहला सगळ्यांत आवडतं, हेही पैगंबरांनीच सांगितलंय.

मन जाईल तेव्हा स्वतःला शिव्या देऊ नकोस. कळलं की परत ये. दोन रकातींत वीसदा गेलं तर वीसदा परत ये. त्या वीस वेळा तू त्याच्याकडेच वळलीस ना?

अ‍ॅपचा मला राग नाही. श्वास शांत केल्यानं कुणी इस्लामबाहेर जात नाही. मुसल्ल्यावर पाच मिनिटं आधी येऊन नुसती बस, तेच होईल. आपल्याकडे त्याला मुराकबा म्हणतात. अल्लाहचं एक नाव अर-रकीब आहे, लक्ष ठेवणारा, आणि मुराकबा हा शब्द त्याच धातूतला. अ‍ॅपमध्ये तू तुझ्या श्वासाकडे बघतेस. मुराकब्यात तुझ्याकडे बघणारा आहे हे ओळखून बसायचं. मला वाटतं, तुला तहान आहे ती याची, आणि ती श्वास मोजून भागायची नाही.

राहिल्या सासूबाई. तुझ्या पत्रात मला सगळ्यांत जास्त त्याच दिसल्या. पैगंबर नमाज लांबवायच्या इराद्यानं उभे राहायचे आणि मागून लेकराचं रडणं ऐकू आलं की आटोपती घ्यायचे, त्याच्या आईच्या जिवाची घालमेल नको म्हणून. त्यांच्या नमाजीत ते रडणं शिरत होतं, आणि त्यांनी त्याला अडथळा मानलं नाही.

माहीमचे मखदूम अली माहिमी, १३७२ ते १४३१, कुरआनवर अरबीत भाष्य लिहिणारे आपल्या कोकण किनाऱ्यावरचे आलिम. त्यांच्या लहानपणची एक गोष्ट माझी नानी सांगायची. रात्री आईनं पाणी मागितलं, ते वाटी घेऊन आले तोवर तिचा डोळा लागला होता. उठवलं नाही, वाटी खालीही ठेवली नाही. पहाटे तिला जाग आली तेव्हा पोरगा तसाच उशाशी उभा, वाटीतलं पाणी हलू न देता. नानी हे सांगताना हाताची ओंजळ करून धरायची आणि आम्ही पोरं त्या रिकाम्या ओंजळीकडे टक लावून बघायचो. खुशू, नमाजीतली नम्र एकाग्रता, म्हणजे काय हे मला पुढे पुस्तकांतून वाचायला मिळालं, पण डोळ्यांपुढे येते ती ओंजळच.

तू असं कर. नियत बांधायच्या आधी त्यांना पाणी पाज, कूस बदल, सांग की अम्मी, मी नमाजीला उभी राहतेय. आणि मुसल्ला आतल्या खोलीतून उचलून त्यांच्या खाटेशेजारी अंथर. उभं राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर कुशीवर पडून नमाज पढता येते, अशी सवलत हदीसमध्ये आहे. कदाचित दोन वर्षांत त्यांना नमाजीचं कुणी विचारलंच नसेल. त्यांचा वुजू करून दे. हात, तोंड, डोक्यावरून ओला हात, पाय. पायाच्या बोटांमध्ये पाणी पोचू दे, घाई करू नकोस. मग फजर दोघींनी पढा, तू उभी आणि त्या खाटेवर. महिन्याभरानं मला लिही, त्यांचे ओठ हलतात का ते.

– तुझी आपा