बिनडोळ्यांच्या गौरी

प्रिय सई,

काल व्हिडिओ कॉलवर आजीने इंदूरच्या घरातल्या गौरी दाखवल्या आणि तू विचारलंस, "आई, हे तर नुसते दगड आहेत. यांना डोळे का नाहीत? मी मार्करने काढून दिले तर चालतील?" तेव्हा सगळे एकदम बोलत होते, म्हणून आज निवांत लिहिते.

आपल्याकडे खड्याच्या गौरी असतात. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर घरातली मुलगी किंवा सवाष्ण पाणवठ्यावर जाते, पाच किंवा सात खडे वेचते आणि वाटेत कुणाशी चकार शब्द न बोलता घरी आणते. दुसऱ्या दिवशी पूजा आणि घावन-घाटल्याचा नैवेद्य, तिसऱ्या दिवशी ते खडे परत पाण्यात. शेजारच्या काकूंकडे मुखवट्यांच्या उभ्या गौरी असत, भरजरी साड्या नेसलेल्या. त्या बघायला मी धावत जायचे. पण आपल्या गौरींना कुणी घडवत नाही, आपण त्यांना फक्त निवडतो. पाण्याने वर्षानुवर्षं घासून जो आकार दिला, त्यात भर घालायची आपल्याला गरज वाटत नाही.

असं बघणं ज्यांनी आयुष्यभर केलं, असे एक चित्रकार आपल्या इंदूरला होऊन गेले. विष्णू चिंचाळकर. सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. १९१७ साली जन्मले, २००० साली गेले. दत्तात्रय देवळालीकरांनी १९२७ मध्ये इंदूरला चित्रकलेची शाळा काढली होती. बेंद्रे, हुसेन यांसारखे चित्रकार तिथेच शिकले, आणि गुरुजीही. म्हणजे रंग-कुंचल्याचं रीतसर शिक्षण झालेला माणूस. पुढे त्यांचा जीव रमला तो वाळकी पानं, बिया, झाडाच्या साली, मुळं आणि काटक्यांमध्ये. आपण झाडून केरात टाकतो ते सगळं त्यांच्या घरी यायचं. पान वाळताना जसं मुडपतं, त्या मुडपण्यातच एखादा चेहरा असतो, मुळाच्या वळणात मान वळवलेला पक्षी असतो. गुरुजी तो ओळखायचे आणि आपल्याला दिसेल असा मांडायचे. हात कमीत कमी लावायचा. मला हे फार मोठं वाटतं, कारण येत असूनही न करणं चित्रकाराला सगळ्यात अवघड जात असेल.

देवासला राहणारे गायक कुमार गंधर्व गुरुजींचे स्नेही. कुमारजींनी माळव्याची लोकगीतं ऐकली, जपली आणि आपल्या गाण्यात आणली. माळव्यात राहिलेल्या या दोघांनी पायाखालच्या मातीकडे इतकं मन लावून पाहिलं, याचा मला अभिमान आहे. तुलाही टोरांटोत राहून ते करता येईल.

गुरुजींची कला पूजेतून आली असं मी म्हणत नाही. पण सुपारीला गणपती मानणाऱ्या, कलशावरच्या नारळात देवी पाहणाऱ्या घरातल्या मुलांना ती लगेच कळते. ती नजर आपल्याला लहानपणीच मिळालेली असते.

आता मार्करचं. गौरींना डोळे नकोत, सई. त्या तीन दिवस आपल्याकडे येतात आणि जशा आल्या तशाच पाण्यात जातात, त्यांच्यावर शाई नको. पण इतर दगडांवर डोळे काढायला माझी हरकत नाही. फक्त आधी तो दगड सगळ्या बाजूंनी फिरवून बघ. एखाद्या खळग्यात डोळा आधीच असेल, तर मार्कर खाली ठेव.

रविवारी आपण हंबर नदीवर जाऊ. पानगळ अजून सुरू व्हायची आहे, पण काटक्या आणि दगड भरपूर मिळतील. तुला आवडेल त्याचा फोटो आजीला पाठव आणि तुला काय दिसलं ते सांगू नकोस. आधी तिला काय दिसतं ते विचार.

तुझी,
आई