पहिले बोर्ड गेम घेताना

आधी घरात नेहमी खेळायला कितीजण बसतात ते मोजा. दोघंच असाल तर 'कटान' आत्ता घेऊ नका. १९९५ चा हा खेळ उत्तमच आहे, पण मूळ डबा तीन-चार जणांसाठी आहे आणि विटा-मेंढ्यांसारख्या मालाची अदलाबदल करताना होणारी घासाघीस हीच त्यातली खरी मजा.

माझं ऐकाल तर सुरुवात 'टिकिट टू राइड'ने करा. एका रंगाचे पत्ते जमवायचे आणि पटावरच्या नकाशातल्या रेल्वेमार्गावर आपले आगगाडीचे डबे मांडायचे. नियम पटकन सांगून होतात. आपल्याला हवा तो मार्ग दुसऱ्याने अडवला, की कधी न खेळलेली मावशीसुद्धा पुढे सरकून पटावर वाकते!

दोघांसाठी 'अझुल' घ्या. एका थाळीतल्या एका रंगाच्या सगळ्या फरश्या उचलाव्याच लागतात, उरलेल्या मधे जातात. जागेपेक्षा जास्त आल्या की गुण कापले जातात. त्यामुळे समोरच्याच्या गळ्यात नको त्या फरश्या मारता येतात, चुरस तिथेच आहे.

एवढे दोन खेळ मनसोक्त खेळून झाल्याशिवाय तिसरा नको, विस्तारसंच (त्याच खेळात भर घालणारा वेगळा डबा) तर नकोच. पुण्या-मुंबईत असाल तर बोर्ड गेम कॅफेत आधी खेळून बघा. आणि पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, दमट हवेत पत्ते वाकतात.